साथीच्या काळात दात घासणं सुटलं आणि दात खाणं जडलं: तुमचं काय झालं?

सांजवात

हे दोन-तीनदा लिहून खोडलं. लाज वाटत होती. आज पाठवतेच.

लहानपणापासून मी दोन वेळा दात घासणारी. ताप असो, प्रवास असो, रात्रीचा ब्रश कधी चुकला नाही. मार्च २०२० मध्ये घरातून काम सुरू झालं आणि दोन-तीन महिन्यांत आधी रात्रीचा ब्रश गेला. मग सकाळचा सरकत सरकत दुपारवर आला. मीटिंगला कॅमेरा बंद असायचा, त्यामुळे कधी कधी तोही राहायचा. घरात दोघं आजारी, नोकरीचं काही खरं नाही, रात्री दीड-दोनपर्यंत मी फोनवर आकडे बघत पडलेली. उठून बेसिनपर्यंत जायचं जिवावर यायचं.

एका रात्री ब्रश हातात घेतला. केस खडखडीत कोरडे होते, अंगठा फिरवला तर काड्यांसारखे टोचले. पेस्टच्या ट्यूबचं तोंड वाळून टणक झालेलं. शेवटचा कधी वापरला होता ते आठवेना. बेसिनपाशी उभी राहून रडले.

साथ सरली, पण रात्रीची सवय धड परत आली नाही. सलग चार दिवस जमतं, पाचव्या दिवशी सुटतं. गेल्या महिन्यात डॉक्टरांकडे गेले. दोन दाढांना कीड, हिरड्यांतून रक्त. "दोन वेळा घासता ना?" असं त्यांनी विचारलं आणि मी "हो" म्हणून मोकळी झाले. ते खोटं अजून सलतंय.

तुमच्यापैकी कुणाचं असं झालं का? हा ताणाचा परिणाम म्हणायचा की माझा आळस? आणि सुटलेली सवय तुम्ही परत कशी आणलीत?

चंद्रकोर

ट्यूबचं वाळलेलं तोंड वाचलं आणि थांबलेच. माझ्याकडेही तेच. एकटी नाहीस गं.

रात्रपाळी

माझं नेमकं उलट झालं. मी घासायचं थांबतच नव्हतो. बाहेरून आलो की हात, मग तोंड, मग दात. दिवसातून चार-पाच वेळा, तेही कडक ब्रशने, जोर लावून. आतलं सगळं खरवडून काढलं की बरं वाटायचं. वर्षभराने डाव्या बाजूच्या दातांच्या मुळाशी नख अडकेल अशा खाचा पडल्या. गार पाण्याचा घोट घेतला की थेट कानशिलापर्यंत कळ जाते. हिरडी वर सरकली ती सरकलीच. घासणं कमी पडलं तरी त्रास आणि जास्त झालं तरी त्रास, हे मी दातांची किंमत मोजून शिकलो.

खणखणीत

मी वेगळं बोलणार आहे, राग मानू नका. दोन मिनिटांचं काम आहे. त्या काळात मी रोज बारा-बारा तास कामावर जात होते, कारण आमचं काम बंद ठेवता येत नव्हतं. घरी आल्यावर उभं राहवत नसे, तरी झोपण्याआधी दात घासले. ताण सगळ्यांनाच होता. प्रत्येक गोष्ट ताणाच्या नावावर टाकली की सुधारायचं राहून जातं. सांजवात, तुम्ही प्रामाणिकपणे लिहिलंत त्याचं कौतुक आहे, पण उत्तर तुम्हाला ठाऊक आहे.

शून्यप्रहर

खणखणीत ताई, तुम्ही रोज कामावर जात होतात, तिथेच फरक आहे असं मला वाटतं. बाहेर पडायचं, चार माणसांत उभं राहायचं, ही खुंटी होती. ब्रश त्या खुंटीला टांगलेला असतो. आमची खुंटीच उपटली गेली. दिवस कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो तेच कळेनासं झालं, मग "सकाळचा" आणि "रात्रीचा" ब्रश कुठे ठेवायचा?

मला त्या वर्षी नैराश्याचं निदान झालं. डॉक्टरांनी आधी झोप आणि भूक विचारली, मग अंघोळ आणि दात. हा प्रश्न का, असं मी विचारलं. म्हणाले, माणूस खचला की स्वतःच्या शरीराची कामं सगळ्यात आधी सुटतात, कारण ती चुकली तरी दुसऱ्या कुणाचं लगेच काही अडत नाही. आळशी माणसाला काम टाळून बरं वाटतं. मला दर रात्री वाईट वाटायचं, तरी हात उचलत नव्हता.

अक्कलदाढ

मी दंतवैद्य आहे, जरा सविस्तर लिहितो.

आधी दवाखान्यांबद्दल. आमचं यंत्र फिरतं तेव्हा पाणी आणि लाळ यांचे बारीक तुषार हवेत उडतात, म्हणून सुरुवातीला सगळीकडे फक्त तातडीचेच रुग्ण घेत होते. अमेरिकन डेंटल असोसिएशनने १६ मार्च २०२० ला बाकीची कामं पुढे ढकलायला सांगितलं. ऑगस्ट २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही, जिथे संसर्ग पसरतोय तिथे नेहमीची तपासणी-सफाई लांबवा, असा सल्ला दिला. म्हणजे घरी सवय सुटली आणि त्याच वेळी आमच्याकडची वाटही बंद. बारीक कीड वेळेत भरली असती, तिचं रूट कॅनाल झालं.

पुन्हा काम सुरू झाल्यावर मला सगळ्यात जास्त काय दिसलं असेल, तर तडकलेले दात. कीड नाही, मार नाही, आणि दाढेचा कोपरा उडालेला. २०२१ च्या सुरुवातीला त्याच असोसिएशनने दंतवैद्यांना विचारलं, तेव्हा सुमारे ७० टक्के जणांनी दात खाणारे, जबडा आवळणारे रुग्ण वाढल्याचं सांगितलं. आपल्या भाषेत रागाला "दात-ओठ खाणे" म्हणतात. काळजीतही माणूस तेच करतो, फक्त झोपेत करतो म्हणून त्याला कळत नाही.

आता आळस की ताण. ताणात लाळ कमी सुटते, भीतीने घशाला कोरड पडते तीच ही गोष्ट. दिवसभरात आपल्याला साधारण अर्धा ते दीड लिटर लाळ सुटते आणि तिचं काम फक्त घास ओला करण्याचं नाही. खाल्लेल्या साखरेवर जंतू आम्ल तयार करतात. तोंडाचा पीएच (आम्लाचं माप, आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) साडेपाचच्या खाली गेला की दाताचं कवच विरघळू लागतं. लाळ तो वर आणते आणि गेलेले क्षार थोडेफार परत भरते. लाळ आटली, त्यात जागरण करून गोड तोंडात टाकत राहिलात, तर दातांना सावरायला उसंतच मिळत नाही. ताणाने शरीराची जंतूंशी झुंजायची ताकदही बदलते, म्हणून हिरड्या लवकर सुजतात.

हे आजचंही नाही. पहिल्या महायुद्धात खंदकांतल्या सैनिकांच्या हिरड्या सडून दुखायच्या, त्या दुखण्याला "ट्रेंच माउथ" असं नावच पडलं. भीती, झोपेचा अभाव, तंबाखूचा धूर, तोंड स्वच्छ करायची सोय नाही, हे सगळं एकत्र आलं की ते होतं. त्या सैनिकांना कुणी आळशी म्हणणार नाही.

सांजवात, तुम्हाला एक प्रयोग सांगतो. १९६५ साली हॅराल्ड लो या संशोधकाने निरोगी हिरड्यांच्या १२ जणांना दात साफ करणं पूर्ण थांबवायला सांगितलं. १० ते २१ दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा घासायला लावलं तेव्हा साधारण आठवड्यात त्या पूर्ववत झाल्या. तुमच्या हिरड्यांतून रक्त येतंय, पण हाड झिजलेलं नसेल तर त्या बऱ्या होतात. रक्त दिसलं म्हणून ती जागा टाळू नका, तिथेच मऊ ब्रश हलक्या हाताने फिरवा.

आणि डॉक्टरांना खरं सांगा. तुम्ही दोन वेळा घासता असं धरून चाललो, तर आम्ही कारण भलतीकडेच शोधत बसतो.

मध्यानरात

दाढेचा कोपरा उडालेल्यांत मी. एका संध्याकाळी तोंडात खडा आला. थुंकून तळहातावर घेतला तर तांदळाच्या दाण्याएवढा, एका बाजूने गुळगुळीत आणि दुसऱ्या बाजूने खरखरीत. जिभेने चाचपलं तेव्हा कळलं की तो माझाच दात आहे. त्याआधी सहा महिने रोज सकाळी कानापुढे दुखायचं, जांभई देताना जबडा कट्ट वाजायचा. मी उशा बदलत बसले. नवरा म्हणायचा, रात्री तू काहीतरी कुरकुर चावतेस. मला खरंच वाटत नव्हतं. शेवटी त्याने फोनवर आवाज टिपून ऐकवला. दगडावर दगड घासावा तसा.

आता रात्री नाइट गार्ड, म्हणजे दातांवर बसवायचं प्लास्टिकचं झाकण, लावते. पहिला आठवडा लाळ गळायची, झोपेत काढून टाकायची. आता त्याशिवाय झोप येत नाही.

भिरभिरं

मध्यानरात, तयार मिळणारा गार्ड घेतलात की मापाचा? गरम पाण्यात मऊ करून चावायचा तो मी आणलाय, पण जबडा जास्तच दुखतोय.

अक्कलदाढ

भिरभिरं, दुखत असेल तर तो घालणं थांबवा आणि मापाचा करून घ्या. मऊ गार्ड काही जण रात्रभर चघळत बसतात. मापाचाही गार्ड दात खाणं थांबवतोच असं नाही, तो दातांची झीज स्वतःवर घेतो. दिवसा मात्र तुमच्या हातात बरंच आहे. ओठ मिटलेले असताना वरचे-खालचे दात टेकलेले नसावेत, मध्ये दोन-तीन मिलिमीटर फट हवी. खाणं-गिळणं सोडलं तर दातांना एकमेकांशी काही काम नसतं. आत्ता हे वाचताना बघा, टेकलेत का?

चंद्रकोर

टेकले होते!

कोपरा

माझेही. आणि खांदे कानाला लागले होते.

भिरभिरं

धन्यवाद डॉक्टर. थोडं अवांतर: मास्कमुळे तोंडाला वास येतो असं तेव्हा सगळे म्हणत होते. आमची धाकटी पाच वर्षांची होती. पहिल्यांदा मास्क लावला आणि अर्ध्या तासात काढून माझ्या हातात दिला. म्हणाली, "बाबा, ह्याच्यात कुणीतरी आहे, त्याने दात नाही घासले." त्या दिवसापासून मास्क लावायच्या आधी तिचा ब्रश पक्का. मग खरं काय, मास्कमुळे वास येतो की आधीपासून असतो?

शुश्रूषा

मी रुग्णालयात परिचारिका आहे. भिरभिरं, लेक हुशार आहे तुमची. वास बहुतेक आधीचाच असतो, तोंडातले जंतू गंधकाचे वायू सोडतात त्याचा. जिभेच्या मागच्या भागावर ते जास्त असतात, म्हणून जीभ घासायची. मास्कमध्ये तोच श्वास परत नाकाशी येतो. पण पाणी कमी प्यायलं आणि तोंडाने श्वास घेतला तर तोंड कोरडं पडून वास वाढतो हेही खरं. पूर्ण पोशाखात असताना आम्ही सहा-सहा तास पाण्याचा थेंब घेत नव्हतो. मास्क काढल्यावर जीभ टाळ्याला चिकटलेली असायची. आधी गुळण्या करायच्या, मग घोटभर पाणी.

तेव्हा गुळण्यांच्या औषधाने विषाणूपासून बचाव होतो असे निरोप फिरत होते. जागतिक आरोग्य संघटनेने सुरुवातीलाच, याला पुरावा नाही, असं स्पष्ट केलं होतं. तरी लोक दिवसातून आठ-दहा वेळा जळजळीत औषधाने गुळण्या करून तोंड सोलून घेत होते. ब्रश मात्र कोरडा.

आमच्या विभागात जे स्वतः ब्रश करू शकत नव्हते त्यांचं तोंड आम्ही पुसायचो. ही टापटीप नाही, उपचाराचा भाग आहे. तोंडातले जंतू श्वासावाटे फुप्फुसात उतरले की न्यूमोनिया होऊ शकतो. त्या धावपळीत कधी कधी ते उशिरा व्हायचं, ती खंत माझ्या मनात आहे.

कोपरा

शुश्रूषा ताई, तुमचं वाचून वडिलांबद्दल लिहावंसं वाटलं.

बाबा दुसऱ्या गावी एकटे होते, कवळी वापरायचे. आठ महिने जाता आलं नाही. रोज फोन. जेवलात का, औषध घेतलंत का, ऑक्सिजन किती आला. कवळीबद्दल एकदाही विचारलं नाही. प्रत्यक्ष गेले तेव्हा ते जेवताना तोंड वाकडं करत होते. कवळी काढा म्हटलं तर टाळत होते. शेवटी मीच काढली. खाली टाळू लालभडक, आणि एका कडेला नखाएवढी जखम. रात्रीसुद्धा काढत नव्हते ते. का, असं विचारलं तर म्हणाले, "रात्री काही झालं आणि कुणी न्यायला आलं, तर बोळक्या तोंडाने जायला नको."

इतकी भीती घेऊन ते झोपत होते आणि मी रोज बोलूनही मला कळलं नाही. कवळी रात्री काढून घासून पाण्यात ठेवायची असते एवढं तरी मी सांगायला हवं होतं. ज्यांचे आईवडील लांब आहेत त्यांनी फोनवर तोंडाचंही विचारा.

मध्यानरात

कोपरा, वाचून गप्प झाले. आता बाबा कसे आहेत?

कोपरा

बरे आहेत. टाळूला लावायचं औषध दिलं होतं, दोन-तीन आठवड्यांत भरली जखम. आता कवळीचा डबा उशाशी असतो, म्हणजे गरज पडली तर हाताशी.

खणखणीत

कोपरा, तुमच्या बाबांचं ते वाक्य डोक्यातून जात नाहीये.

मी वर लिहिलं त्यातलं थोडं मागे घेते. शून्यप्रहर, तुमचा खुंटीचा मुद्दा पटला. खरं सांगायचं तर त्या वर्षी रात्रीचा ब्रश हीच माझी शेवटची खुंटी होती. कामावर रोज काय बघून यायचे ते घरी सांगता येत नव्हतं. ती दोन मिनिटं नळाच्या आवाजात मी एकटी असायचे. ती माझी सोय होती. दुसऱ्याची सोय वेगळी असेल हे तेव्हा लक्षात आलं नाही. पण एवढं म्हणेनच, की कारण कळल्यावर तिथेच थांबू नये. पुढे काय करायचं ते कुणीतरी सांगा.

शून्यप्रहर

मी काय केलं ते सांगतो. झोपताना घासायचं हा हट्ट सोडला. रात्री अंगात त्राण नसतं, तेव्हा नव्याने काही जमवायला जाऊ नये. रात्रीचं जेवण झालं की ताट ठेवून तसाच बेसिनकडे वळायचो, बसायच्या आधी. एकदा बसलो की संपलं. दुसरं, अगदीच नाही झालं तर पेस्टशिवाय नुसता ब्रश फिरवायचा, बिछान्यात बसूनसुद्धा. शून्यापेक्षा तेही बरं. तिसरं, चुकलेला दिवस मोजायचा नाही. सवयींवरचा एक लंडनमधला अभ्यास २०१० मध्ये छापून आला होता. नवी सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, पण कुणाला १८ तर कुणाला थेट २५० च्या वर. मधला एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडलं नाही. हे वाचून मला केवढं हायसं वाटलं. सांजवात, तुमचा पाचवा दिवस चुकतो तर चुकू दे, सहाव्याला घासा.

गोळ्या सुरू झाल्यावर तोंड फार कोरडं पडायचं, ते मात्र अजून आहे.

अक्कलदाढ

नैराश्यावरच्या बऱ्याच औषधांनी तोंड कोरडं पडतं, काहींनी दात खाणंही वाढतं. गोळ्या मनाने बंद करू नका, लिहून देणाऱ्या डॉक्टरांना सांगा आणि तुमच्या दंतवैद्यालाही. थोडं थोडं पाणी घेत राहा, साखर नसलेलं च्युइंगगम चघळा. पेस्ट फ्लोराइडची हवी, मोठ्यांसाठी १००० ते १५०० पीपीएम, पाकिटावर छापलेलं असतं. आणि घासून झालं की फेस थुंकून टाका, लगेच खळखळून चूळ भरू नका. फ्लोराइड दातांवर राहू द्या.

रात्रपाळी

चूळ नाही भरायची? मला तर तीनदा भरल्याशिवाय चैन पडत नाही.

अक्कलदाढ

सुरुवातीला विचित्र वाटतं. आठवडाभर करून बघा. आणि तुम्ही तो कडक ब्रश आजच टाका. मऊ ब्रश दोन बोटांत पेनासारखा धरा, मुठीत धरलात की जोर लागतोच. खाचा भरून घेता येतात, तोवर सेन्सिटिव्ह दातांची पेस्ट वापरा.

सांजवात

तीन आठवड्यांनी लिहितेय. सगळे प्रतिसाद दोन-दोनदा वाचले. कोपरा, तुमचा वाचून आईला फोन केला आणि पहिल्यांदाच कवळीचं विचारलं.

परवा दाढा भरायला गेले होते. खुर्चीत बसल्या बसल्या सांगून टाकलं, "मागच्या वेळी मी खोटं बोलले. रात्री घासणं दोन वर्षांपासून सुटलंय." त्यांनी मास्क खाली केला आणि म्हणाल्या, "बरं झालं सांगितलंत. या महिन्यातल्या तुम्ही चौथ्या." मग आरसा माझ्याच हातात दिला आणि खालच्या पुढच्या दातांच्या आतली बाजू दाखवली. पिवळट खरपुडी तिथे साचली होती, माझा ब्रश तिथपर्यंत पोचतच नव्हता. तिथे ब्रश उभा धरायचा हे मला या वयात कळलं.

रात्रीचं जेवण झालं की न बसता बेसिनकडे, हे शून्यप्रहर यांचं ऐकलं. २१ पैकी १६ दिवस जमलं. हिरड्यांतलं रक्त थांबलंय, उजवीकडच्या शेवटच्या दाढेपाशी तेवढं अजून येतं. तीन महिन्यांनी परत बोलावलंय.

चंद्रकोर

१६! मी आजपासून मोजते.

रात्रपाळी

मऊ ब्रश आणला. पेनासारखा धरला की हातातून सटकतो, पण गार पाण्याची कळ थोडी कमी वाटतेय. चूळ अजून एकदा भरतोच.